संगिनीचा फ्रॉग: शिक्का सर्वांत शेवटी वाचा

विक्रीच्या फोटोंमध्ये जर्मन संगिनीचा फ्रॉग, म्हणजे संगिनीचं म्यान कमरपट्ट्याला अडकवणारी चामडी खोळ, बहुतेक वेळा पाठमोरा ठेवलेला असतो आणि कॅमेरा थेट शिक्क्यावर रोखलेला असतो. कारखान्याचं नाव, गावाचं नाव, वर्ष, खाली छोटासा गरुड. नवा संग्राहक तेवढंच वाचतो आणि पैसे मोजतो. पण फ्रॉगवरचा शिक्का ही नकली करायला सगळ्यांत सोपी गोष्ट आहे. पितळेचा ठसा करून घेतला की तो कोणत्याही चामड्यावर हाणता येतो. खोळीच्या आत म्यानाने घासून केलेली चकाकी, लूपच्या घडीत बसलेली सुरकुती, रिव्हेटभोवती चामड्यात उतरलेला गंजाचा काळा डाग, हे मात्र इतक्या सहज करता येत नाही. म्हणून इथे उलट्या क्रमाने जाऊ: आधी वस्तू, मग वापर, आणि अक्षरं अगदी शेवटी.

जर्मन लष्करी भाषेत फ्रॉगला झायटेनगेवेअरटाशे म्हणतात, आणि जर्मन विक्रेत्यांच्या याद्यांत कॉपेलशू हा शब्दही सर्रास सापडतो. दुसऱ्या महायुद्धातली नेहमीची संगीन म्हणजे मॉडेल ८४/९८. पातं साधारण २५ सेंटिमीटर, पूर्ण लांबी साधारण ३८.५ सेंटिमीटर, म्यान पोलादी. म्यानाच्या तोंडाजवळ पुढच्या बाजूला एक उठावदार घुंडी असते, जर्मनमध्ये ट्रागेहाकेन. फ्रॉगची सगळी रचना या घुंडीभोवती फिरते.

भाग तसे मोजकेच. पाठीची लांब पट्टी वर दुमडून कमरपट्ट्यासाठी लूप केलेलं असतं. खाली पुढचा तुकडा शिवून खोळ केलेली असते. खोळीच्या पुढच्या बाजूला उभी चीर, तिच्यातून घुंडी बाहेर येते. शिवणीच्या टोकांना, जिथे ताण सर्वाधिक, तिथे रिव्हेट. काहींना वर मुठीभोवती जाणारा अरुंद पट्टा असतो. हा पट्टा असलेला नमुना मुळात घोडेस्वारांसाठीचा, म्हणजे ‘फ्युअर बेरिटेने’, आणि पट्टा नसलेला पायी सैनिकांसाठीचा, ‘फ्युअर उनबेरिटेने’. कारण साधं आहे: घोडा दुडक्या चालीने धावायला लागला की संगिनीची मूठ वरखाली आपटते आणि म्यानातून सरकू पाहते. पुढे पट्ट्याचा नमुना घोड्याशी काहीही संबंध नसलेल्या तुकड्यांतही भरपूर दिसतो. त्यामुळे पट्टा दिसला की लगेच ‘घोडदळाचा फ्रॉग’ म्हणून वाढीव किंमत मागणाऱ्याकडे दुर्लक्ष करावं.

एक तपासणी मात्र पट्ट्याबाबत न चुकता करायची. पट्टा असलेल्या फ्रॉगवरून तो कापून टाकलेला असू शकतो, कारण तुटका, लोंबता पट्टा विक्रीला वाईट दिसतो. जिथे पट्टा पाठीला जोडलेला असायचा तिथली भोकं बघा. रिकामी टाक्यांची भोकं, किंवा कशालाच न धरणारा रिव्हेट दिसला तर पट्टा गेलेला आहे. उलट प्रकारही होतो: साध्या फ्रॉगला नवा पट्टा शिवून जोडतात. तेव्हा पट्ट्याच्या चामड्याची जाडी, कडेचा रंग आणि दोरा उरलेल्या फ्रॉगशी जुळत नाही.

आता वापराच्या खुणा. इथे घाई करू नये, कारण सगळ्यांत जास्त माहिती इथेच आहे.

म्यान खोळीत वरून सरकतं आणि घुंडी चिरेतून बाहेर येऊन बसते. संगीन आणि म्यान यांचं सगळं वजन मग घुंडी चिरेच्या खालच्या टोकावर टाकते. म्हणजे खऱ्या वापरलेल्या फ्रॉगची चीर खालच्या टोकाला रुंदावलेली, गुळगुळीत आणि किंचित बाहेर वळलेली असली पाहिजे. वरचं टोक त्या मानाने ताजं राहतं. चीर वरखाली सारखीच ताणलेली असेल, किंवा बाजूच्या कडांवरच खरवडल्यासारखी झीज असेल, तर ती कुणीतरी हाताने केली आहे. घुंडीच्या मागे, म्हणजे खोळीच्या आतल्या पाठीवर, म्यानाच्या धातूने केलेला काळपट गुळगुळीत पट्टा असतो. छोटी बॅटरी तोंडातून आत धरली की तो दिसतो. नकली फ्रॉगचं बाहेरचं अंग कितीही म्हातारं केलेलं असलं तरी आतलं चामडं बहुधा कोरं, लवदार आणि एकाच रंगाचं राहतं. आत सँडपेपर फिरवायला जागा अपुरी पडते, आणि बहुतेकांना तिथे कुणी बघेल असं वाटतही नाही.

लूप कमरपट्ट्यावर बसतं. जर्मन सैनिकाचा कमरपट्टा, कॉपेल, साधारण ४५ मिलिमीटर रुंद. लूपच्या आतल्या बाजूला, वरच्या घडीत, पट्ट्याच्या कडेने दाबलेली आडवी रेघ पडते. तिथलं चामडं दाबून घट्ट आणि तुकतुकीत होतं. कितीतरी नकली फ्रॉगांची लूपं ४५ मिलिमीटरच्या पट्ट्यावर एकतर बसतच नाहीत, नाहीतर ढिली होऊन डुलतात. रुंदी मोजायला मोजपट्टीपेक्षा त्याच मापाची पुठ्ठ्याची पट्टी कापून आत सरकवणं बरं. ताठ झालेल्या जुन्या घडीत लोखंडी पट्टी कधीही घालू नये, वरचा थर तडकतो.

पायदळाच्या सैनिकाकडे डाव्या बाजूला छोटं फावडं असायचं. त्याच्या चामडी वाहकाला दोन लूपं असत आणि संगिनीचा फ्रॉग त्या दोन लूपांच्या मध्ये बसे. वाहकाचा पट्टा म्यानाभोवती गुंडाळून घेतलेला असे, म्हणजे चालताना म्यान हेलकावत नाही. या जोडीने फ्रॉगवर खास झीज होते: पाठीवर फावड्याच्या वाहकाशी घासून खरखरीत झालेला भाग, आणि लूपच्या दोन्ही कडांवर शेजारच्या लूपांनी घासलेले पट्टे. पाठ घासलेली आणि पुढचा भाग बऱ्यापैकी शाबूत, असा फ्रॉग दिसला तर ते शंकेचं कारण मुळीच नाही. सगळीकडे सारखीच घासलेली वस्तू जास्त संशयास्पद.

आता चामडं. त्या काळचं लष्करी चामडं प्रामुख्याने वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेलं. कापलेली कड बघितली की आतपर्यंत तपकिरी दिसतं. आजच्या बऱ्याच स्वस्त प्रतिकृती क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या असतात. त्यांची कड निळसर-राखाडी किंवा हिरवट असते, काळा रंग फक्त वरच्या थरावर. फक्त कडेला रंग चोपडलेला असेल तर चिरेच्या आतली कड बघा, तिथे बहुधा रंग पोचलेला नसतो. युद्ध जसजसं पुढे गेलं तसा माल उतरत गेला: पातळ चामडं, दाणेदार छाप दिलेली पृष्ठं, डुकराचं कातडं. डुकराचं कातडं भिंगातून ओळखता येतं, केसांची छिद्रं तीन-तीनच्या त्रिकोणी गटांत असतात. त्याशिवाय प्रेसस्टॉफ हा दाबून केलेला कृत्रिम पदार्थ लष्करी सामानात चामड्याऐवजी वापरला जाऊ लागला. त्याची घडी मोडते, वाकत नाही. पृष्ठभागाला तडे गेले की आत कागदी थर दिसतात. म्हणून १९४४ चं वर्ष आणि त्यावर १९३६ सारखं जाड, गुळगुळीत, उत्तम चामडं अशी जोडी दिसली तर थांबावं. अशक्य नाही, पण वस्तूने स्वतःची बाजू आणखी भक्कम मांडली पाहिजे.

पहिल्या महायुद्धाचे फ्रॉग वेगळे ओळखावे लागतात, कारण ते पुढेही वापरात राहिले. कैसरच्या सैन्याचं चामडी सामान आधी तपकिरी किंवा नैसर्गिक रंगाचं होतं. १९१५ मध्ये ते काळं करण्याचा आदेश निघाला. त्यामुळे एकाच काळ्या रंगाखाली दोन प्रकार दडलेले असतात: मुळात तपकिरी असून नंतर काळा केलेला, आणि सुरुवातीपासूनच काळा. फरक लूपच्या आत आणि टाक्यांखाली कळतो. नंतर रंगवलेल्या फ्रॉगमध्ये टाक्यांखालच्या खाचेत, रिव्हेटच्या टोपीखाली आणि लूपच्या खोल घडीत तपकिरी रंग उरलेला असतो, आणि दोराही वरून काळा पण आत फिकट. त्या काळच्या शिक्क्यांत ‘बी. ए.’ म्हणजे बेक्लाइडुंग्सआम्ट (गणवेश आणि सामानाचं कोठार), पुढे सैन्यदलाच्या कोअरचा रोमन आकडा आणि वर्ष असं असतं. ९८/०५ ही त्या युद्धातली संगीन बरीच मोठी, पातं साधारण ३७ सेंटिमीटर. तिचा फ्रॉग ८४/९८ च्या अरुंद म्यानावर चढवला तर म्यान आत खुळखुळू शकतं. बसवून बघणं हीच इथली सर्वांत भरवशाची चाचणी.

हवाई दलाचं, म्हणजे लुफ्टवाफंचं, सामान सुरुवातीला तपकिरी होतं, पुढे त्यांच्याकडेही काळं आलं. त्यांच्या कोठाराचा शिक्का ‘एल. बी. ए.’ आणि दोन आकडी वर्ष. नौदलाच्या सामानावर गरुडाखाली ‘एम’ दिसतो. फक्त तपकिरी रंगावरून लुफ्टवाफं ठरवणं ही नेहमीची चूक आहे. चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया इथेही तपकिरी फ्रॉग बनले, त्या देशांच्या माउजर रायफलींच्या संगिनींसाठी. दिसायला ते जवळचे भाऊ, आणि बाजारात त्यांना सर्रास ‘जर्मन हवाई दल’ म्हणून विकतात. अशा वेळी ८४/९८ चं म्यान घालून बघा: घुंडी चिरेत नीट उभी राहते का, म्यान सरळ लटकतं का, लूप ४५ मिलिमीटरच्या पट्ट्याला घट्ट बसतं का. तिन्हींपैकी एकही उत्तर ‘नाही’ आलं तर फ्रॉग दुसऱ्या देशाचा समजून पुढे तपासावा. युगोस्लाव फ्रॉगही जमवण्यासारखेच आहेत, फक्त त्यांना त्यांच्याच नावाने ओळखावं.

उत्तर आफ्रिकेसाठी केलेले कापडी पट्ट्यांचे फ्रॉग हा प्रकार सगळ्यांत महागडा आणि म्हणून सगळ्यांत जास्त नकलेला. सुती विणीचे, ऑलिव्ह ते खाकी छटांचे. सूर्याने विटलेला रंग बाहेर असतो, पण लूपच्या आत आणि दुमडीखाली मूळ छटा टिकते. आतबाहेर एकसारखा विटलेला रंग म्हणजे कापड धुवून किंवा रसायनाने फिकं केलेलं. इथे अतिनील दिव्याचा उपयोग होतो. कापडाला आणि साबणाला चकाकी देणारी रसायनं युद्धानंतर सर्वत्र पसरली. त्यांनी रंगलेला दोरा अंधारात निळसर-पांढरा झळकतो. झळकला म्हणून वस्तू लगेच नकली ठरत नाही, कुणी आधुनिक साबणाने धुतलेली अस्सल वस्तूही झळकते. पण फक्त शिवणीचाच दोरा झळकतोय आणि कापड नाही, तर तो फ्रॉग नंतर शिवलेला आहे.

दोऱ्याबद्दल आणखी. सैल सुटलेला टाका असेल तर दोन-तीन मिलिमीटरचं टोक चिमट्याने काढून वेगळं जाळावं, वस्तूवर नव्हे. ताग किंवा सूत जळून मऊ राख होते. कृत्रिम दोरा वितळून कडक मणी होतो. मूळ शिवण मशीनची, बारीक आणि समान अंतराची असते. वापरलेल्या वस्तूत दोरा चामड्याच्या पातळीखाली बसलेला असतो. फार लांब टाके आणि पांढराशुभ्र जाड दोरा म्हणजे आजच्या काळात, चित्रपटासाठी किंवा युद्धप्रसंगांच्या पुनर्निर्मितीसाठी केलेली वस्तू. ती विकणारा तसं सांगून विकत असेल तर त्यात गैर काही नाही.

रिव्हेटकडे भिंग आणि छोटं चुंबक घेऊन बघा. पोलाद चुंबकाला चिकटतं, ॲल्युमिनियम, तांबं आणि पितळ नाही. धातूपेक्षाही धातूने चामड्यावर काय केलंय ते महत्त्वाचं. पोलादाचा गंज आणि चामड्यातलं टॅनिन यांची प्रक्रिया होऊन निळसर-काळा डाग तयार होतो. तो रिव्हेटच्या कडेबाहेर चामड्यात खोल उतरतो. तांबं किंवा पितळ चामड्यातल्या चरबीशी मिळून हिरवट मेणासारखा थर फेकतं. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते, हिरवं काही येत नाही. नकली ‘जुन्या’ फ्रॉगमध्ये रिव्हेट आम्लात बुडवून गंजवलेला असतो, पण शेजारचं चामडं स्वच्छ. गंज आहे आणि डाग नाही, हे जमत नाही. बदललेला रिव्हेटही असाच पकडता येतो: जुन्या डागाचं वर्तुळ नव्या टोपीपेक्षा मोठं असतं.

एवढं सगळं पटलं तर मग शिक्का.

तीस-चाळीसच्या दशकातल्या शिक्क्यांचा क्रम ढोबळपणे असा. आधी कारखान्याचं पूर्ण नाव, गाव आणि वर्ष. १९४० पासून पुढे नावाऐवजी तीन छोट्या अक्षरांचे गुप्त संकेत वाढत जातात. उदाहरणार्थ चामड्याच्या मालावर ‘जेडब्ल्यूए’ म्हणजे फ्रायबेर्गचे मोरित्स श्टेशर, ‘जीएफजी’ म्हणजे श्टुटगार्ट-फॉयरबाखचे हेप्टिंग, ‘बीएमएल’ म्हणजे नॉय-उल्मचे हान्स र्‍योमर. संगिनींवर हीच पद्धत: ‘सीओएफ’ म्हणजे झोलिंगेनचे कार्ल आइकहॉर्न, ‘एफएनजे’ म्हणजे झोलिंगेनचेच अलेक्झांडर कॉपेल (कमरपट्ट्याच्या ‘कॉपेल’शी याचा संबंध नाही). युद्धाच्या उत्तरार्धात राइशबेट्रीब्सनुमर, म्हणजे कारखान्याचा सरकारी क्रमांक, दिसू लागतो: शून्य, तिरकी रेघ, चार आकडे, तिरकी रेघ, पुन्हा चार आकडे. शिवाय तपासणीचा छोटा गरुड आणि ‘वाआ’ (वाफेनआम्ट, लष्कराची शस्त्रास्त्र कचेरी) हे संक्षिप्त रूप व क्रमांक. हा क्रमांक तपासनीसाच्या कचेरीचा आहे, कारखान्याचा नाही. त्यामुळे एकच क्रमांक निरनिराळ्या कारखान्यांच्या मालावर सापडू शकतो, आणि एका कारखान्याच्या मालावर वर्षांगणिक तो बदललेला सापडू शकतो.

या क्रमामुळेच काही जोड्या अशक्य ठरतात. १९३८ चं वर्ष आणि राइशबेट्रीब्सनुमर एकत्र असू शकत नाहीत. १९३६ आणि तीन अक्षरी संकेतही नाही. पहिल्या महायुद्धाच्या वर्षाशेजारी ‘वाआ’ चा गरुड असेल तर दोनपैकी एक शिक्का खोटा, किंवा जुना फ्रॉग नंतर तपासून पुन्हा दिलेला. दुसरी शक्यता खरी असेल तर दोन्ही शिक्क्यांची खोली आणि झीज वेगवेगळी असते. एसएसचे, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेचे, शिक्के असतील तर माझा सरळ नियम आहे: उलट सिद्ध होईपर्यंत खोटे धरायचे. दोन अक्षरांनी किंमत कितीतरी पटींनी वाढते, म्हणून ती दोन अक्षरं अस्सल, बिनशिक्क्याच्या फ्रॉगवर नंतर मारली जातात. अशा वेळी चामडं, दोरा, झीज सगळं खरं असतं आणि फक्त ठसा खोटा.

नंतर मारलेला ठसा ओळखायचा कसा? बॅटरी जवळजवळ आडवी धरून तिरक्या उजेडात बघा. ताज्या, मऊ चामड्यावर मारलेल्या ठशाच्या कडा गोलसर असतात, तंतू दाबले गेलेले, आणि पृष्ठावरचे ओरखडे आणि सुरकुत्या ठशाच्या वरून आरपार गेलेल्या असतात. सुकलेल्या जुन्या चामड्यावर मारला तर अक्षरांच्या कडेला वरचा थर तडकतो, तळाशी फिकट, ताजे तंतू उघडे पडतात, आणि जुने ओरखडे अक्षराच्या काठावर येऊन तुटतात, कारण ओरखडा आधीचा आणि ठसा नंतरचा. चामडं ओलं करून मारलं तर तडे जात नाहीत, पण पाण्याच्या सीमारेषेचा गडद डाग शिक्क्याभोवती राहतो. शिक्का आणि पाठीवरची झीज यांचा संबंधही बघावा. पाठ फावड्याच्या वाहकाने घासून गेलेली आणि तिच्या मधोमध कुरकुरीत, पूर्ण खोलीचा शिक्का, हे एकत्र बसत नाही.

बिनशिक्क्याचे फ्रॉगही भरपूर आहेत, आणि ते कमअस्सल नाहीत. शिक्का झिजून गेला असेल तर तिरक्या उजेडात त्याची सावली तरी सापडते.

परेडच्या संगिनींचे फ्रॉग थोडक्यात: त्या संगिनी सैनिक स्वतःच्या पैशाने घेत. फ्रॉग अरुंद, चकचकीत लाखेच्या चामड्याचा, त्यावर तपासणीचा शिक्का अपेक्षितच नसतो. जुन्या लाखेला बारीक जाळीसारखे तडे जातात. आजचं प्लास्टिकचं आवरण सोलून निघतं. फ्रॉगभोवती बांधायचा रंगीत गोंडा, ट्रॉडेल, हा वेगळाच विषय आहे: पहिल्या चार कंपन्यांचे रंग पांढरा, लाल, पिवळा, निळा असा क्रम. इथे एवढंच सांगतो की गोंडा वर्षानुवर्षं बांधलेला असेल तर त्याच्या पट्टीखाली चामड्याचा रंग गडद राहतो. गोंडा आहे आणि खाली सावली नाही, तर तो काल बांधलाय.

संच म्हणून विकल्या जाणाऱ्या संगीन-म्यान-फ्रॉगबद्दलही हाच न्याय. संगीन आणि म्यान यांचे क्रमांक जुळू शकतात, फ्रॉगला मात्र त्या क्रमांकाशी जोडणारं काही नसतं. फ्रॉग १९४१ चा आणि संगीन १९३८ ची असेल तर काही बिघडत नाही, चामडं आधी झिजतं आणि बदलतं. पण बराच काळ एकत्र राहिले असतील तर म्यानावर फ्रॉगची आकृती उमटलेली असते: झाकलेल्या भागात काळपट निळा मुलामा जास्त टिकलेला, किंवा उलट, चामड्यातल्या आम्लामुळे आणि ओलाव्यामुळे तिथेच बारीक खड्डे पडलेले. चिरेभोवती घुंडीच्या बुडाशी गोल रेघ. ती आकृती नेमकी याच फ्रॉगच्या कडांशी जुळली तर संच जुना. काहीच आकृती नसेल तर तिन्ही वस्तू वेगवेगळ्या पेटीतून आल्या आहेत आणि किंमतही तशीच लावावी.

ती आकृती बघायला म्यान बाहेर काढावं लागतं, आणि सर्वाधिक फ्रॉग याच क्षणी फाटतात. क्रम असा ठेवा. आधी पातं म्यानातून पूर्ण काढून बाजूला ठेवा. म्यान किंचित वर ढकलून चिरेच्या खालच्या टोकावरचा ताण सोडा. पातळ पॉलिएस्टर फिल्मची बोटभर रुंदीची पट्टी चिरेतून घुंडी आणि चामडं यांच्यामध्ये सरकवा. अंगठ्याने घुंडी आत दाबत म्यान वर ओढा, म्हणजे घुंडी चामड्यावर नाही, फिल्मवर सरकते. चामडं ताठ असेल आणि कटकट असा आवाज आला तर तिथेच थांबा. पाणी लावून मऊ करायला जाऊ नका. जुनं चामडं भिजून सुकलं की आकसतं आणि आणखी ठिसूळ होतं, चिरेचं खालचं टोक फाटतं. तेल पाजणं हा उपायही तितकाच वाईट: तेल शिवणीचा दोरा कुजवतं, रंग कायमचा गडद करतं, तांब्याच्या रिव्हेटवर हिरवं मेण वाढवतं. न निघणारा फ्रॉग म्यानावरच राहू द्यावा.

साफसफाई कमीत कमी. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ. हिरवं मेण लाकडी टूथपिकने खरवडून कोरड्या कापसाने पुसायचं. पांढरा थर दिसला तर तो बुरशी की चरबी हे आधी ठरवा: हेअर ड्रायरची हलकी ऊब दुरून दिली की चरबीचा थर वितळून नाहीसा होतो, बुरशी तशीच राहते. लालसर भुकटी बोटाला लागत असेल तर तो हवेतल्या गंधकाच्या वायूंनी झालेला चामड्याचा क्षय आहे. तो उलटवता येत नाही, फक्त थांबवता येतो. त्यासाठी हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजचं १ ते २ टक्के द्रावण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये करून हलक्या हाताने लावतात. आधी पाठीच्या कोपऱ्यात ठिपका लावून रंग सुटतो का ते बघायचं, काळ्या रंगाच्या बाबतीत तर नक्कीच.

साठवण म्यानापासून वेगळी, कारण एकमेकांना खाणारे हे दोन पदार्थ आहेत. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, उजेड कमी, तापमान स्थिर. खोळीत आणि लूपमध्ये आम्लविरहित कागदाची सैल गुंडाळी, आकार टिकेल इतकीच. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्यांतून सुटणारे पदार्थ चामड्याला चिकट करतात. लाखेच्या फ्रॉगला कागदही चिकटतो, त्याच्याभोवती सिलिकॉन लावलेला कागद हवा. गोंड्यात लोकर असेल तर कसर लागते. कीड दिसली तर गोंडा हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांना दोन आठवडे ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, नाहीतर दव त्याच्यावरच जमतं.

तुलनेसाठी खऱ्या वस्तू बघायच्या असतील तर ड्रेस्डेनचं बुंडेसवेअरचं, म्हणजे आजच्या जर्मन सैन्याचं, लष्करी इतिहास संग्रहालय आणि इंगोलश्टाटचं बव्हेरियन लष्करी संग्रहालय. चामडं समजून घ्यायला ओफेनबाखचं चामड्याचं संग्रहालय, १९१७ मध्ये स्थापन झालेलं. जर्मनीत या वस्तूंचे फोटो प्रसिद्ध करताना फौजदारी कायद्याचं, बंदी घातलेल्या संघटनांच्या चिन्हांबाबतचं कलम ८६ अ लक्षात ठेवावं लागतं. इतिहास आणि शिक्षणासाठी सवलत आहे, तरी तिथले विक्रेते गरुडाखालचं स्वस्तिक झाकूनच फोटो देतात. त्यामुळे झाकलेला शिक्का दिसला म्हणून लपवाछपवी समजू नये. विचारल्यावर त्याभोवतीच्या चामड्याचा तिरक्या उजेडातला फोटो मात्र मिळायला हवा.

नोंदवहीत प्रत्येक फ्रॉगसाठी सहा फोटो ठेवावेत: पुढून, मागून, लूपची आतली घडी, बॅटरीने उजळलेलं खोळीचं तोंड, चिरेचं खालचं टोक, आणि तिरक्या उजेडातला शिक्का. प्रत्येकात मिलिमीटरची मोजपट्टी. शेजारी लूपची आतली रुंदी, चामड्याची जाडी, ३ सेंटिमीटरमधले टाके, आणि प्रत्येक रिव्हेट चुंबकाला चिकटला की नाही. क्रमांक फ्रॉगवर लिहू नये, सुती दोऱ्याने लूपला बांधलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहावा.